ते येणं मोजू नकोस

लिएज, १४ सप्टेंबर

प्रिय लीव,

तुझं कार्ड काल आलं. जिन्यात उघडलं नाही. वर आले, कोट काढला, स्वयंपाकघरात बसले आणि मग सुरीने पाकीट कापलं. तुझं अक्षर अजूनही शाळेतल्या सिस्टर क्लोतिल्डना दाखवावं असं आहे. माझं बघ, डोंगर चढल्यासारखं वर वर जातंय.

चारच ओळी लिहिल्यास. डॉक्टर हो म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनीही तपासून हो म्हटलं. आता दिवस तू सांगायचास. आणि शेवटची ओळ: 'तू येऊन गेल्याशिवाय मी जाणार नाही. येताना तो नाशपातीचा काळा पाक आण.'

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पाकाचं वाक्य त्याच ओळीत कसं काय लिहवलं तुला?

आपल्याकडे आता असं दिवस ठरवून जाणं कायद्याने होतं, मला माहीत आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी तसंच केलं. डॉक्टर घरी आले, औषध दिलं, सगळं शांतपणे झालं. त्यांच्या मुलीने आदल्या दिवशी बेकरीतून केक आणला होता, जिन्यात भेटली तेव्हा डबा सरळ धरून चालत होती. तेव्हा मला ते सगळं शहाणपणाचं वाटलं होतं. दुसऱ्याच्या घरातलं होतं ना.

तुझा आजार जिभेपासून सुरू झाला, बोलणं गेलं, म्हणून फोनचा उपयोग नाही, हे तू वसंतात लिहिलं होतंस. गिळणंही जातंय, हे मला या कार्डावरून कळलं. तू तक्रार केलेली नाहीस. 'स्वतःच्याच लाळेत, शुद्धीत असताना बुडायचं नाही मला' एवढंच लिहिलंस. लहानपणी कालव्यात पडलीस तेव्हाही तू ओरडली नव्हतीस. ओरडले होते मी, काठावरून.

मी येते. पुढच्या गुरुवारी. नऊनंतर ज्येष्ठांचं स्वस्त तिकीट मिळतं, त्या गाडीने. गाडी बदलावी लागत नाही. लूव्हन, ब्रुसेल्स, गेंट आणि मग ब्रूज. झोप लागली तर मात्र थेट ओस्टेंडला, समुद्रावर. तेव्हा झोपणार नाही.

इतक्या वर्षांनी तुझ्या दारात उभं राहायचं म्हणजे काय घालू, हाही विचार आला. हसू नकोस, तुला ठसका लागेल. माझा फेर्नां गेला तेव्हा तू फ्रेंचमध्ये तीन ओळी पाठवल्यास, एकही चूक नव्हती. तो जिवंत असताना दर वर्षी तुझ्या टेबलाशी बसायचा आणि तू त्याच्याशी, त्याला न येणाऱ्या आपल्या फ्लेमिशशिवाय एक शब्द बोलायची नाहीस. शाळेत नन्सच्या फ्रेंचमध्ये पहिली यायचीस तू. शेवटी तो म्हणाला, "लुत, तुझ्या बहिणीकडे मी खुर्ची आहे. खुर्चीला घेऊन कशाला जातेस?" मग मीही यायची थांबले. ते आता जाऊ दे. ते सगळं मी लिएजलाच सोडून येईन.

गुरुवारी भेटू.

तुझी
लुत

लिएज, २५ सप्टेंबर

प्रिय लीव,

गुरुवारी रेल्वेचा संप होता. तुला टीव्हीवर दिसलाच असेल. तरी वर्तमानपत्राचं कात्रण सोबत ठेवते, नाहीतर तू म्हणशील, लुतने स्वतःच संप केला.

समोरच्या मादाम प्येत म्हणाल्या, "तुम्ही आधी एक फेरी मारून या बघू. सराव. माझ्या बहिणीने तसं केलं होतं, हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी हॉस्पिटलचा रस्ता बघून आली होती." मी विचारलं, मग बरं वाटलं का तिला? म्हणाल्या, "छे हो. आणखी घाबरली. पण रस्ता चुकली नाही."

त्यांना मी सांगितलेलं नाही कशासाठी जाते ते. माझी बहीण आजारी आहे, एवढंच. त्या म्हणाल्या, ब्रूजला काय पाणी, हंस, चॉकलेट, सगळं गाव चित्रातलं, आजारी माणूससुद्धा तिथे बरं होईल. मी म्हटलं, आम्ही तिथे वाढलो, आम्हाला सर्दीच जास्त झाली.

स्टेशनवर गेले होते मी, संपानंतर दोन दिवसांनी. हे नवं स्टेशन म्हणजे सगळी काच आणि पांढरं लोखंड, खाली माणूस मुंगीएवढं दिसतं. तिकिटाच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. आतला मुलगा म्हणाला, "कुठे, मादाम?" आणि लीव, मला ब्रूज म्हणता आलं नाही. तोंड उघडलं, आवाज नाही. तुझी आठवण झाली, हे असं होतं का तुला, की शब्द आत असतो आणि जीभ ओळख देत नाही? मागच्या माणसाने खाकरून दाखवलं. मी मुलाला वेळापत्रक मागितलं आणि घरी आले.

वेळापत्रक आता फ्रीजवर चुंबकाने लावलंय. येते मी. गुडघ्याचं जरा बघते आणि येते.

रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन बसते. पण नेमकं काय मागायचं ते कळत नाही. तुझ्यासाठी आयुष्य मागितलं तर ते तुझ्याविरुद्ध होतं. दुसरं काही मागायला हात जोडले की बोटं सुटतात. शाळेत आपल्याला सगळ्या प्रार्थना शिकवल्या, ही मात्र शिकवली नाही.

लुत

लिएज, ९ ऑक्टोबर

प्रिय लीव,

तुझी दोन कार्डं. पहिलं: 'संप एकाच दिवसाचा होता.' दुसरं: 'गुडघा कुठला, डावा की उजवा? मागच्या पत्रात लिहायचं राहिलं.'

अशीच होतीस तू. आई म्हणायची, लीवशी खोटं बोलायचं तर आधी वहीत मांडून बघावं लागतं.

आणि तुझ्या कार्डासोबत तुझ्याकडे येणाऱ्या नर्सची चिठ्ठी, वेर्लेची. तुला न दाखवता घातली म्हणते. तू आता कॉफीतही पावडर घालून तिची खीर करून पितेस, तरी ठसका लागतो, आणि परवा ती वेळेवर आली नसती तर, असं तिने लिहिलंय आणि पुढचं वाक्य अर्धं सोडलंय. खाली लिहिलंय: 'तुमच्या बहिणीला मी दिवसाबद्दल विचारते तेव्हा त्या पाटीवर एकच लिहितात: लुत आली की.'

मग ऐक. गुडघा ठीक आहे.

तू म्हणालीस, मी आल्याशिवाय तू जाणार नाहीस. म्हणजे मी इथे आहे तोवर तू तिथे आहेस. मी तिकीट काढलं, गाडीत बसले, तुझ्या दाराची घंटा वाजवली, की मीच ते सुरू केलं. माझ्या हाताने. सकाळी उठते, फ्रीजवरचं वेळापत्रक बघते, नऊनंतरची गाडी निघून गेली की मला श्वास येतो. आजचा दिवस लीव आहे. मग भांडी घासते. मग दुपारी वेर्लेची चिठ्ठी पुन्हा वाचते आणि तोच श्वास मला चोरल्यासारखा वाटतो.

मला भीती वाटते. मरणाची नाही, फेर्नांच्या उशाशी मी होते. भीती वाटते ती खुर्चीत बसून, कॉफी पिऊन, घड्याळाकडे बघून, आता, असं म्हणण्याची. डॉक्टर बेल वाजवून आत येतील आणि कोट कुठे टांगू विचारतील, त्याची. तू माझ्याकडे बघशील आणि मी चेहरा कुठला करू, त्याची.

एक नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस होऊन जाऊ दे, लीव. आई-बाबांच्या कबरीवर शेवंतीच्या कुंड्या ठेवायला कुणीतरी हवं ना. मग बघू.

लुत

लिएज, १७ ऑक्टोबर

प्रिय लीव,

तुझं उत्तर अजून नाही. रागावलीस का?

इथे विशेष काही नाही. काल गुरुवार, दिवसभर घरीच होते. पाऊस होता. मादाम प्येतकडून नाशपाती आल्या होत्या, त्या सोलल्या. पाकाची बरणी तुझ्यासाठी आणून ठेवलीच आहे, ती दुकानातलीच, नेहमीच्या छापाची. चमच्याने नुसता चाटता येईल तुला, गिळायला जड जाणार नाही. वेर्लेला विचारून घे.

थंडी पडायला लागली आहे. खिडकीतली जिरेनियमची कुंडी आत घेतलीस ते बरं केलंस. आणि दिवसा दिवा लावून बसतेस ते वाचायला का? डोळ्यांना त्रास होईल.

घरात बसून बसून माणसाला काही सुचत नाही. पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहीन.

लुत

लिएज, २४ ऑक्टोबर

लीव,

तुझं पत्र आलं. कार्ड नाही, पत्र. तुझ्या हातांत अजून एवढं बळ आहे याचा आनंद मानावा, तर पहिल्याच ओळीला मी पत्र टेबलावर पालथं घातलं.

'काल पुलावर छान दिसत होतीस. निळा कोट नवा आहे का? टोपी मात्र वाकडी होती.'

मी त्या घरात वाढले, लीव. ज्या घराच्या खिडकीबाहेर तो छोटा आरसा लोखंडी दांडीवर लावलेला आहे, ज्यात आत बसून अख्खा काठ दिसतो, पूल दिसतो, येणारं-जाणारं प्रत्येक माणूस दिसतं आणि बाहेरच्याला काही कळत नाही. आई त्याला चहाडखोर म्हणायची. आपण पुलावर असतानाच ती आतून काच वाजवायची, बूट पुसून या म्हणून. शाळेतून येताना आपण तो आरसा चुकवायला भिंतीला चिकटून यायचो. आणि मी, त्या घरची मुलगी, पुलाच्या मधोमध उभी राहिले आणि मला वाटलं, तिला दिसत नाही. एखादी सहलीला आलेली बाई असती तर तिला माफ होतं. पण मी.

हो, आले होते. मादाम प्येत म्हणाल्या होत्या तसा सराव. तिकीट यंत्रावर काढलं, तोंडाने नाव घ्यावं लागलं नाही. फक्त घर बघायचं आणि परत यायचं, असं ठरवलं होतं. कुणाला मोजता येणार नाही असं येणं. घंटाघराची घंटामाला दोनदा वाजून गेली तरी मी तिथेच. वरच्या काचेतून दिवा दिसत होता. कुंडी आत दिसत होती. मी दिव्याशी बोलत होते, म्हटलं, अजून आहे, अजून आहे.

मग ती पोरगी सायकलवरून आली आणि घंटी वाजवून थांबली. मला माहीत नव्हतं तीच वेर्ले ते. म्हणाली, "काय हो, वाट चुकलात का? कुणाचं घर हवंय?" आणि माझ्या तोंडून फ्रेंच निघालं. माफ करा, मला कळत नाही, मी फिरायला आलेय. आपल्या काठावर, आपल्या पुलावर, जिथे मी चालायला शिकले तिथे. तिने मोडक्या फ्रेंचमध्ये मला हंसांच्या तळ्याचा रस्ता दाखवला आणि मी त्या रस्त्याने निघाले. मागे वळले नाही. थेट स्टेशन गाठलं.

तू लिहिलंस, वेर्लेने आत येऊन सांगितलं की पुलावर एक फ्रेंच बाई रडत होती, आणि तू इतकी हसलीस की तिला पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. 'मी तुझ्या नवऱ्याशी आयुष्यात फ्रेंच बोलले नाही,' लिहिलंस, 'आणि तू माझ्या दारात येऊन फ्रेंच झालीस. फेर्नांची उधारी फिटली. आम्ही दोघं आता बरोबरीत.'

हे वाचून मीही हसले. मग उलटं पान बघितलं.

'मी म्हटलं होतं, तू येऊन गेल्याशिवाय जाणार नाही. तू आलीस आणि गेलीस. मी ते येणं धरलं. डॉक्टरांना सहा नोव्हेंबर सांगितलंय, दुपारी. सर्व संतांचा दिवस होऊन जाईल, तुझ्या शेवंत्याही होतील. तुला घंटा वाजवायची नसेल तर वाजवू नकोस, मी समजेन. तुझ्या हाताने काही सुरू होत नाहीये, वेडे. हे माझं आहे. तू फक्त माझी बहीण आहेस.'

लीव, ते येणं मोजू नकोस. मी मागे घेते. मी पुलावर होते, घरात नव्हते. दार उघडलं नाही, तुझा हात धरला नाही. स्वतःच्याच शब्दावर बोट ठेवून तू मला अशी फसवतेस.

जरा खाली जाऊन येते, मग बाकीचं लिहीन.

(नंतर.) नाही. फसवलं मी. गाडी चुकवत राहिले, तर तू कायमची खिडकीत बसून राहशील असं मला वाटत होतं. तुझा घसा दिवसेंदिवस बंद होतोय आणि मी इथे भांडी घासत तो दिवस माझ्या नावावर लिहून घेत होते. ओलीस, असा शब्द तू लिहिला नाहीस. तुझ्या जागी मी असते तर लिहिला असता.

मी येणार. घंटा वाजवणार. तारीख लिहून घेतली आहे.

लुत

गाडीत, ५ नोव्हेंबर

प्रिय लीव,

हे पोस्टात टाकणार नाही, हातात देईन. तुला बोलता येत नाही आणि मला जमेल याची खात्री नाही. दोघींपैकी एकीकडे तरी शब्द असू देत.

उद्या संप होणार अशी बातमी आहे. होईल की नाही कुणाला माहीत. पण काल संध्याकाळी रेडिओवर ऐकलं आणि माझे गुडघे खरोखरच गेले, डावा आणि उजवा, दोन्ही. एके काळी मी संपाला देवाचा हात म्हटलं असतं. आज सकाळी स्टेशनवर धावत गेले. खिडकीतला तोच मुलगा. "कुठे, मादाम?" मी ब्रूज म्हटलं. इतक्या मोठ्याने की पलीकडच्या रांगेतली माणसं वळली. "जाऊन येऊन?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नुसतं जायचं द्या, यायचं मग बघू.

मादाम प्येत दारापर्यंत आल्या. त्यांना मी शेवटी सगळं सांगितलं. त्या आत जाऊन मनुकांचा पाव घेऊन आल्या, कागदात बांधलेला, अजून गरम. म्हणाल्या, "त्यांना खाता येत नसेल, मला कळतं. पण टेबलावर काहीतरी हवं. मोकळ्या टेबलाशी बसू नका." दफनानंतर सगळे जमून पाव-कॉफी घेतात ते त्यांच्या मनात असणार. तू ती कॉफी आज माझ्याबरोबर घे, लीव. आपल्या घरात जी माणसं गेली त्यांतलं कुणीच स्वतःच्या कॉफीला हजर नव्हतं. तू अस. वास घे, मी खाईन. आणि पाक चमच्यावर. बरणी मांडीवर आहे, गाडी हलली की दोन्ही हातांनी धरते.

लूव्हन गेलं. गार्ड आता आपल्या भाषेत बोलायला लागलाय. ब्रुसेल्सला दोन्ही बोलेल, मग पुन्हा फक्त आपली.

मला अजून भीती वाटते. ती गेली असं लिहीन तर तू लगेच ओळखशील. ब्रुसेल्सला डबा रिकामा झाला तेव्हा उतरावं असं वाटलं. समोर एक बाई नातवाला घेऊन ओस्टेंडला चालली आहे, समुद्र बघायला, नोव्हेंबरात. मला म्हणाली, तुम्हीही समुद्रावरच का? मी म्हटलं, नाही, एक स्टेशन आधी. मग तिला म्हटलं, मला झोप लागली तर ब्रूजला उठवाल का? झोप लागणार नाही हे मला माहीत होतं. पण माझी मीच बसून राहीन, गाडी सुटेपर्यंत, याची भीती होती. म्हणाली, "उठवेन हो. आमच्या याला घंटाघर दिसलं की तो असा ओरडेल की तुम्ही काय, मेलेलेसुद्धा उठतील." आणि मी हसले, लीव. त्या शब्दावर. मला वाटलं नव्हतं आजच्या दिवशी त्यावर हसता येईल.

वेर्लेने कळवलंय की डॉक्टर उद्या पुन्हा विचारतील, अगदी शेवटपर्यंत विचारत राहतील, आणि तू नको म्हणालीस तर ते कोट घालून निघून जातील, कुणी नाराज होणार नाही. मी तुला काही विचारणार नाही. आजच्या संध्याकाळी नाही, उद्याही नाही. तुझं उत्तर तुझं. मी थांबवायला येत नाहीये आणि निरोप द्यायलाही येत नाहीये. शेजारी बसायला येतेय. उद्या चेहरा कुठला करायचा ते अजून ठरलेलं नाही. जो होईल तो बघ.

प्रार्थना सापडली नाही. पण लिएजपासून मी तुझं नाव घेतेय, नुसतं नाव, गाडीच्या ठोक्यावर. सिस्टर क्लोतिल्डना चाललं नसतं. ज्याला ऐकायचंय त्याला कदाचित चालेल.

गेंट गेलं. आता मधे काही नाही. शेतं, पाण्याचे चर, चरांवर पाय दुमडून उभे बगळे. पोरगं खिडकीला नाक लावून बसलंय.

हे तुला आत्ता पोचणार नाही, तरी सांगते: तू खिडकीत बस. चहाडखोराकडे बघ. निळा कोट, टोपी सरळ करून घेतली आहे, एका हातात बरणी, दुसऱ्यात पाव. मागचं येणं खोडून टाक, हे मोज. भिंतीला चिकटून येणार नाही, सरळ रस्त्याच्या मधून येईन. आणि पुलावर माझे पाय थांबले, थांबतील असं वाटतं, तर आतून काच वाजव. आई वाजवायची तशी. मी बूट पुसून येईन.

लुत